जाणाऱ्या स्वयंसेवकाचे आभार : एक अपूर्ण शास्त्र

सॉफ्टवेअरच्या जगात 'मुक्तस्रोत' नावाची एक व्यवस्था आहे, आणि तिच्यातील बहुतेक तांत्रिक कोडी कधी ना कधी सुटत असली तरी शिष्टाचाराचे एक कोडे आजतागायत सुटलेले नाही : ज्याला कोणी नेमलेले नव्हते, ज्याला कोणी पगार दिलेला नव्हता आणि ज्याच्या कामाची वेळ बहुधा घरात निजानीज झाल्यावर सुरू होत असे, असा माणूस एके दिवशी 'आता पुरे' म्हणून निघाला, तर त्याचे आभार कोणी, केव्हा आणि कोणत्या शब्दांत मानावेत? मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हणजे ज्याचा सोर्स कोड, अर्थात प्रोग्रामरने हाताने लिहिलेला मूळ मजकूर, कोणालाही वाचता, बदलता आणि पुढे वाटता येतो असे सॉफ्टवेअर. लिनक्स, फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस ही त्याची घरोघरी पोचलेली उदाहरणे होत. अशा सॉफ्टवेअरचा एखादा भाग सांभाळणाऱ्या व्यक्तीला मेंटेनर म्हणतात, आणि चारचौघांनी पाठवलेल्या दुरुस्त्या तपासणे, त्यांतील चांगल्या स्वीकारणे, वाईट नाकारणे आणि नाकारल्याबद्दल बोलणी खाणे हे त्याचे काम असते. यांपैकी शेवटचे काम सर्वांत नियमित असते.

कचेरीतून निवृत्त होणाऱ्या माणसाची सोय महाराष्ट्राने फार पूर्वीच लावून ठेवली आहे. निवृत्तीची तारीख सेवापुस्तकात पहिल्या दिवसापासून ठरलेली असते, वर्गणी काढण्यात वाकबगार असा एक कारकून प्रत्येक शाखेत असतोच, शाल-श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ या वस्तूंविषयी मतभेद नसतात, साहेबांच्या भाषणात सत्कारमूर्तींचे आडनाव एकदा तरी चुकते, आणि 'संस्थेची कधीही भरून न निघणारी हानी' हे वाक्य उच्चारले जात असताना ती हानी भरून काढणारा माणूस तिसऱ्या रांगेत बटाटेवड्याची वाट पाहत बसलेला असतो. मुक्तस्रोतात यांतले काहीच नाही. तिथे नेमणुकीचे पत्रच नसल्यामुळे राजीनामा कोणाच्या नावे लिहावा हा पेच पडतो. दहा-दहा वर्षे एकत्र काम केलेल्या दोघांनी एकमेकांचा चेहरा पाहिलेला नसतो. आणि शाल पाठवायची म्हटले तरी सत्कारमूर्ती फिनलंडमध्ये आहेत की पेरूमध्ये, याचा अंदाज त्यांची उत्तरे कोणत्या वेळी येतात यावरूनच बांधावा लागतो. परिणामी निरोपाचा सारा भार शब्दांवर येऊन पडतो, आणि प्रोग्रामरांच्या जमातीकडे शब्द हा माल मुळात बेताचाच असतो.

बहुसंख्य स्वयंसेवक निरोप घेऊन जातच नाहीत, ही या विषयातील पहिली अडचण होय. आधी उत्तरे आठवड्याने येऊ लागतात, मग महिन्याने. 'शनिवार-रविवारी नक्की पाहतो' असे शेवटचे आश्वासन मिळते, आणि तो शनिवार पुढे कधीच उगवत नाही. नोकरी बदलते, लग्न होते, मूल होते, किंवा यांपैकी काहीही न होता माणसाला नुसता कंटाळा येतो. शेवटचे कारण सर्वांत प्रामाणिक असल्यामुळे ते कोणीही कळवत नाही. अशा अदृश्य झालेल्यांचा शोध घेण्यासाठी डेबियन या प्रकल्पाने तर स्वतंत्र पथकच ठेवले आहे. डेबियन ही इयान मर्डॉक यांनी 1993 साली आरंभलेली लिनक्सची एक आवृत्ती असून तिच्यातील हजारो सॉफ्टवेअर पॅकेजे स्वयंसेवक आपापसांत वाटून सांभाळतात, आणि रणांगणावरून बेपत्ता झालेल्या सैनिकांसाठी लष्करात जी संज्ञा वापरतात तीच त्या पथकाच्या नावात आहे. पथकाची कार्यपद्धती मात्र अत्यंत सोज्वळ आहे : आधी विचारपूस करणारा ईमेल, मग आठवण करून देणारा ईमेल, आणि तरीही शांतता राहिली तर त्या व्यक्तीची पॅकेजे 'अनाथ' म्हणून जाहीर करणे. अनाथ पॅकेजच्या पालकाच्या रकान्यात गुणवत्ता पाहणाऱ्या एका सामाईक गटाचे नाव लागते, म्हणजे जे सर्वांचे आहे आणि म्हणून विशेष कोणाचेच नाही अशा अवस्थेला ते पोचते. पुढे एखादा दयाळू इसम 'मी दत्तक घेऊ इच्छितो' अशी नोंद करीपर्यंत ते तिथेच राहते. डेबियनच्या नियमांनुसार रीतसर निवृत्त होण्याची सोयही आहे. आपली पॅकेजे मागे सोडावीत, कळवावे आणि सन्माननीय निवृत्तांच्या यादीत जावे. त्याच नियमावलीत निवृत्तीनंतर परत येण्याचीही पद्धत लिहून ठेवलेली आहे, यावरून नियम करणाऱ्यांना मानवी स्वभावाची, विशेषतः निवृत्तांच्या स्वभावाची, चांगली जाण असावी असे दिसते.

लिनक्सच्या गाभ्यात, ज्याला कर्नल म्हणतात, आभाराचे याहून कोरडे आणि म्हणूनच कदाचित अधिक टिकाऊ रूप आढळते. लिनस टोरवाल्ड्स यांनी हेलसिंकीत विद्यार्थी असताना 1991 साली सुरू केलेल्या या प्रकल्पाच्या सोर्स कोडबरोबर दोन साध्या मजकुराच्या फाइली येतात. एकीचे नाव मेंटेनर्स, दुसरीचे क्रेडिट्स. पहिलीत कोणता भाग आज कोणाच्या अंगावर आहे हे लिहिलेले असते, आणि प्रत्येक भागापुढे त्याची प्रकृती कळवणारा एक शब्द असतो. त्या शब्दांचा अर्थ फाइलीच्या आरंभीच दिलेला आहे : एका अवस्थेचा अर्थ असा की या कामासाठी कोणाला तरी खरोखरच पगार मिळतो, दुसरीचा असा की कोणीतरी खरोखरच लक्ष देते, तिसरीचा असा की मेंटेनर आहे, पण अधूनमधून एखादे ठिगळ लावण्यापलीकडे त्याला सवड नाही. पहिल्या दोन्ही व्याख्यांत 'खरोखरच' असे ठासून सांगावे लागले, यात बराच इतिहास दडलेला आहे. चौथी अवस्था 'अनाथ', आणि तिच्या व्याख्येला जोडून कंसात वाचणाऱ्यालाच सुचवलेले आहे की बाबा रे, तू आपला नवा कोड लिहितोच आहेस तर जाता जाता ही जबाबदारीही घेऊन टाक. व्याख्या करता करता गळ टाकण्याचे हे कसब अन्य कोणत्याही शास्त्राच्या परिभाषेत सहसा सापडत नाही.

जेव्हा एखादा मेंटेनर जातो तेव्हा त्याच्या ओळी पहिल्या फाइलीतून काढून दुसरीत नेण्याचा प्रघात आहे. दुसऱ्या फाइलीत प्रत्येकाच्या वाट्याला चार-सहा ओळी येतात : एक नावाची, एक ईमेलची, एक-दोन केलेल्या कामाच्या वर्णनाच्या, आणि काही ओळी टपालाच्या पत्त्याच्या. हा पत्ता विशेष लक्षणीय आहे. जगातील सर्वांत वेगवान यंत्रे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पोटात कुठल्याशा गल्लीतील घरांचे क्रमांक अजून जपून ठेवलेले आहेत, आणि एखाद्याने मनावर घेतलेच तर शाल पाठवण्याची अडचण निदान काहींच्या बाबतीत उरत नाही. पाच-सात वर्षांची जागरणे कामाच्या ओळीत 'अमुक कार्डाचा ड्रायव्हर' एवढ्या शब्दांत बसवलेली असतात. फाइल स्वतःच आरंभी कबूल करते की ही यादी अपुरी आहे. शिवाय हे स्थलांतरही आपोआप होत नाही; त्यासाठी कोणाला तरी पॅच, म्हणजे बदलाचा प्रस्ताव, लिहावा लागतो, तो दुसऱ्या कोणी तपासावा लागतो आणि तिसऱ्याने स्वीकारावा लागतो. त्या प्रस्तावाच्या वर्णनात पुष्कळदा असे कारण दिलेले असते की संबंधित व्यक्तीचा ईमेल आता पोचत नाही, सबब नोंद हलवावी, आणि केलेल्या कामाबद्दल आभार. ज्या पत्त्यावर काहीच पोचत नाही त्या माणसाचे आभार तो पत्ता पुसतानाच मानले जातात, हा क्रम पाहिला की कचेरीतील घड्याळ इतकेही वाईट वाटेनासे होते.

ज्यांच्या जाण्याची वार्ता आगाऊ मिळते त्यांच्या निरोपाचा मजकूर अधिक सविस्तर असतो, आणि त्याची रचना सर्व खंडांत थक्क करणारी एकसारखी आहे. पहिल्या भागात गौरव येतो, ज्यात 'तुमच्याशिवाय हा प्रकल्प आज आहे तिथे नसता' हे वाक्य असते. प्रकल्प आज कुठे आहे हे पाहता ही स्तुती आहे की आरोप, याचा निर्णय वाचणाऱ्यावर सोडलेला असतो. दुसऱ्या भागात खेद, नव्या वाटचालीस शुभेच्छा आणि दार सदैव उघडे असल्याचे आश्वासन येते. तिसरा भाग 'जाता जाता एकच' अशा अर्थाच्या शब्दांनी सुरू होतो आणि त्यात सर्व्हरचा पासवर्ड कोणाकडे आहे, प्रकल्पाच्या वेबसाइटच्या नावाचे वार्षिक शुल्क आजवर कोण भरत होते, आणि ती एक विचित्र फाइल, जिला हात लावू नये असे फाइलीतच लिहिलेले आहे, तिला हात का लावू नये, हे प्रश्न असतात. अनुभवी वाचक हा तिसरा भाग आधी वाचतो. वेबसाइटचे शुल्क गेली कित्येक वर्षे जाणारा माणूस स्वतःच्या खिशातून भरत होता हा शोध अनेक प्रकल्पांना याच वेळी लागतो, आणि त्यानंतर पहिल्या भागातील गौरवाला किंचित खरेपणा येतो.

या मजकुराखाली जे प्रतिसाद जमतात त्यांचेही निरीक्षण उद्बोधक आहे. ज्याने तीन वर्षांपूर्वी 'इतकी साधी गोष्ट अजून का होत नाही' असे चिडून विचारले होते तोही येऊन धन्यवाद देतो, आणि सोबत ती साधी गोष्ट अजून झालेली नाही याची आठवणही देतो. नुसते 'अनुमोदन' देणाऱ्या प्रतिसादांचा एके काळी इतका सुळसुळाट झाला होता, की प्रकल्पांचा कोड जिथे ठेवला जातो त्या गिटहबला मेंटेनरांच्या एका जाहीर पत्रानंतर 2016 साली अंगठा, हृदय, हसरा चेहरा अशा चित्रखुणांची सोय करावी लागली. तेव्हापासून जाणाऱ्याला एका दृष्टिक्षेपात कळते की त्याच्या दहा वर्षांना किती अंगठे मिळाले.

जाणाऱ्याच्या पश्चात काय, या प्रश्नाला अभियंते 'बस फॅक्टर' म्हणतात : किती माणसे बसखाली आली तर प्रकल्प बंद पडेल, ती संख्या. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या वर्तुळात हा प्रश्न 1994 सालीच विचारला गेला होता, आणि तोही आडवळणाने नव्हे; भाषेचे जनक गिडो व्हान रॉसम यांना बसने धडक दिली तर कसे, असा तो थेट प्रश्न होता. बस काही आली नाही. गिडो यांना 'तहहयात दयाळू हुकूमशहा' अशी अर्धवट थट्टेची पदवी होती आणि तिच्यातील 'तहहयात' हा शब्द सर्वांनी गांभीर्याने घेतला होता. परंतु 2018 साली, दोन टिंबे आणि बरोबरचे चिन्ह जोडून तयार होणाऱ्या एका नव्या खुणेला मान्यता देण्यावरून इतके रणकंदन माजले, की खुणेचा निर्णय देऊन झाल्यावर 12 जुलै रोजी त्यांनी आपण हुकूमशाहीतून कायमच्या सुट्टीवर जात असल्याचे आणि वारस नेमणार नसल्याचे कळवून टाकले. आभारांचा अर्थातच पूर आला, आणि ज्यांनी त्या खुणेवरून त्यांना नकोसे करून सोडले होते त्यांचेही आभार त्यात असणार हे गृहीत धरायला हरकत नाही. पुढचे काही महिने हुकूमशहाविना राज्य कसे चालवावे यावर सविस्तर प्रस्ताव लिहिण्यात गेले, मतदान झाले, पाच जणांचे मंडळ असावे असे ठरले, आणि 2019 च्या आरंभी त्या पहिल्या मंडळाची निवडणूक झाली तेव्हा निवडून आलेल्या पाचांत गिडो व्हान रॉसम हे नाव होते. निरोप देऊन झालेल्या माणसाला असे परत निवडून आणण्याची पद्धत सहकारी साखर कारखान्यांच्या परिचयातील आहे. फरक एवढाच, की गिडो यांनी पुढच्या मंडळात राहण्याचे टाळले.

पर्ल भाषेच्या मंडळींनी मात्र हस्तांतरणाचा प्रश्न भोपळ्यावर सोडवला. तेथील एकाच्या जुन्या कचेरीत बॅकअपसाठी एकच टेप यंत्र होते आणि दोघांनी ते एकाच वेळी वापरू नये म्हणून कापडाचा एक भोपळा ठेवलेला असे; भोपळा ज्याच्या टेबलावर, त्याने बॅकअप घ्यावा. पर्लमध्ये त्या वेळी मुख्य कोडात बदल करण्याचा अधिकार ज्याच्याकडे असेल त्याच्या हाती हा भोपळा आहे असे मानण्याची प्रथा पडली, आणि पर्लच्या कागदपत्रांत आजवरच्या भोपळाधारकांची नावे इतिहास म्हणून नोंदवलेली आहेत. परीक्षेत भोपळा मिळण्याची धास्ती घेतलेल्या समाजाला हा सन्मान पटायला जड जाईल, परंतु तो पुढच्याच्या हाती देऊन मोकळे होता येते, ही त्याची सोय मान्य करावी लागेल.

आभारांविना गेलेल्यांची आठवण मात्र सर्वांत लख्ख राहते. 2016 च्या मार्च महिन्यात जावास्क्रिप्ट भाषेतील एका प्रोग्रामरने, आपल्या एका प्रकल्पाच्या नावावरून एका कंपनीशी झालेल्या वादात, कोडसंच जिथून वाटले जातात त्या भांडाराच्या व्यवस्थापकांनी कंपनीची बाजू घेतल्यामुळे, तेथील आपले अडीचशेहून अधिक कोडसंच एका फटक्यात काढून घेतले. त्यांत 'लेफ्टपॅड' नावाचा एक होता. एखाद्या मजकुराच्या डावीकडे ठरलेल्या लांबीपर्यंत रिकाम्या जागा किंवा शून्ये भरणे एवढेच त्याचे काम, आणि लांबी अकरा ओळींची. त्या अकरा ओळींवर दुसऱ्या कोणाचा कोड उभा होता, त्याच्यावर तिसऱ्याचा, आणि अशी ती उतरंड जगातील नामांकित कंपन्यांपर्यंत पोचलेली असल्यामुळे ठिकठिकाणी कामे एकाएकी ठप्प झाली. हे अकरा ओळींचे वाङ्मय आपण वापरतो याचा पत्ता बहुतेकांना ते नाहीसे झाल्यावर लागला. व्यवस्थापकांनी काही तासांतच लेखकाच्या इच्छेविरुद्ध तो कोड परत जागेवर ठेवला. लेखकाला जाता आले, कोडाला जाऊ दिले नाही.

या विषयाची काळी बाजू 2024 साली उघड झाली आणि तिच्यासमोर विनोदाला जरा अंग चोरावे लागते. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारे सॉफ्टवेअर लिनक्सच्या बहुतेक आवृत्त्यांत असते, आणि ते वर्षानुवर्षे एकच माणूस फुकट सांभाळत होता. तो थकलेला होता, आणि ते त्याने लपवलेही नव्हते. 2022 च्या सुमारास काही अनोळखी नावे त्याला टोचू लागली : काम फार सावकाश चालले आहे, सवड नसेल तर दुसऱ्याला द्या, वापरणाऱ्यांचा काही विचार आहे की नाही. ती नावे बनावट असावीत असा आता तज्ज्ञांचा कयास आहे. त्याच सुमारास एक नवा स्वयंसेवक पुढे आला होता, जो कामसू होता, नम्र होता, कधी तक्रार करीत नव्हता आणि सांगितलेले वेळेवर करीत होता. या गुणांचा असा समुच्चय दिसताच संशय यायला हवा होता असे आता म्हणता येते, परंतु थकलेल्या माणसाला मदतीचा संशय येत नाही. हळूहळू किल्ल्या त्याच्या हाती गेल्या, आणि 2024 च्या फेब्रुवारीत निघालेल्या आवृत्तीत त्याने दुसऱ्याच्या सर्व्हरमध्ये गुपचूप शिरण्याचे चोरदार बसवून दिले. ते सापडले ते आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रात लॉगिन करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे खटकले म्हणून. 29 मार्च रोजी त्याने ते जाहीर केले आणि बहुतेक जग थोडक्यात वाचले. त्या दोन-तीन वर्षांत त्या मूळ मेंटेनरशी सातत्याने गोड बोलणारा आणि त्याचा भार हलका करणारा एकमेव माणूस चोर होता, ही बाब तंत्रज्ञांनी जितकी चघळली आहे त्याहून शिष्टाचाराच्या अभ्यासकांनी अधिक चघळायला हवी. आभार आधी मानले असते तर चोर आला नसता असे म्हणता येणार नाही. पण त्याला इतके स्वस्तात घरात घेतले गेले नसते.

देणगी घेणाऱ्यावर परतफेडीचे बंधन आपोआप येते, असे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी 1925 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात पॉलिनेशियापासूनचे दाखले देऊन मांडले होते. मोस यांना सॉफ्टवेअर ठाऊक नव्हते, अन्यथा सिद्धांताला एक अपवाद त्यांनी तळटीपेत नक्कीच नोंदवला असता. ज्या ओपनएसएसएलच्या भरवशावर जगभरच्या बँका आणि दुकाने आपली गुपिते इंटरनेटवरून पाठवतात, त्याला 2014 साली हार्टब्लीड नावाची भयंकर चूक उघडकीस येईपर्यंत वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे 2000 डॉलर होत्या. परतफेडीचा उलटा प्रयोगही झालेला आहे. मुक्तस्रोताला हातभार लावणाऱ्यांना ऑक्टोबर महिन्यात टी-शर्ट देण्याची एक मोहीम एका कंपनीने 2014 पासून चालवली; 2020 साली चार बदल सुचवणाऱ्याला टी-शर्ट मिळणार होता, आणि त्याबरोबर हजारो प्रकल्पांवर असे बदल कोसळू लागले, ज्यांत परिचयाच्या फाइलीत 'उत्तम' हे विशेषण घालण्यापलीकडे काही नव्हते. त्या पुराचा एक मोठा ओढा भारतातून निघाला होता, हे सांगताना देशाभिमान थोडा बाजूला ठेवावा लागतो. मेंटेनरांना आपले आभार मानले जात आहेत हे कळेपर्यंत त्यांचे पहिले काही दिवस ते आभार नाकारण्यात गेले. मोहीम चालवणाऱ्यांनी काही दिवसांतच नियम बदलून, ज्या प्रकल्पाची इच्छा असेल त्यालाच सहभागी करून घेण्याचे ठरवले.

सर्वांत समंजस व्यवस्था एका डच माणसाने केली होती. ब्राम मोलेनार यांनी 1991 साली प्रसृत केलेला विम हा मजकूर-संपादक फुकट आहे, परंतु तो उघडला की पहिल्याच पडद्यावर युगांडातील गरीब मुलांना मदत करण्याचे आवाहन दिसते. ज्याला आभार मानायचे असतील त्याने ते किबाले येथील मुलांपर्यंत पोचवावेत. विमची ख्याती त्यातून बाहेर कसे पडावे हे नवख्याला कळत नाही अशी आहे, आणि प्रोग्रामरांच्या एका प्रसिद्ध प्रश्नोत्तर-स्थळावर 2017 सालापर्यंत हा एकच प्रश्न दहा लाखांहून अधिक वेळा पाहिला गेला होता. मोलेनार स्वतःही त्यातून बाहेर पडले नाहीत. ऑगस्ट 2023 मध्ये त्यांचे निधन झाले तोवर ते विमवर काम करीतच होते, आणि पुढच्या जानेवारीत निघालेली 9.1 ही आवृत्ती त्यांना अर्पण करण्यात आली. पडद्यावरचे युगांडाचे आवाहन त्यानंतरही तसेच आहे.

मराठी वाचकाला हा सारा परदेशी संसार वाटण्याचा संभव आहे, म्हणून एवढे नोंदवणे आवश्यक आहे की 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा र पडद्यावर जागच्या जागी वाकतो, तो अक्षरांची जुळणी करणाऱ्या हार्फबझसारख्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमुळे. अँड्रॉइड फोन, फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस या सर्वांत ते असते. मराठी वळणाचे श आणि ल हिंदी वळणाहून निराळे उमटावेत, याची तजवीजही फॉन्टमध्ये कोणीतरी बसून केलेली असते. याच्याही पुढे, संगणकाच्या पडद्यावरील सूचना मराठीत आणणाऱ्या स्वयंसेवकांची एक विरळ परंपरा आहे, आणि त्यांच्या आभाराची सोय तर अभ्यासकाने भिंग घेऊन पाहावी अशी आहे. ही भाषांतरे पीओ नावाच्या फाइलीत असतात. फाइलीच्या डोक्यावर 'शेवटचा भाषांतरकार' असा एक रकाना असतो. नवा माणूस काम करू लागला की त्याचे नाव तिथे येते आणि आधीच्याचे पुसले जाते, म्हणजे पाच हजार वाक्ये करणारा गेल्यावर पाच वाक्ये करणारा तिथे विराजमान होऊ शकतो. त्यावर पहिल्या लेखकाचे नाव आणि वर्ष लिहिण्याची जागा असते, आणि पुष्कळ फाइलींत तिथे साच्यातले मूळ शब्दच, म्हणजे 'पहिला लेखक' आणि 'वर्ष' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द, कोणी न बदलल्यामुळे तसेच राहिलेले आढळतात. कर्त्याला आपले नाव घालायला सुचले नाही, की सवड झाली नाही, हे सांगता येत नाही. नोम नावाच्या पडदाप्रणालीतील सॉफ्टवेअरमध्ये मात्र एक गोड योजना आहे. भाषांतरासाठी येणाऱ्या शेकडो वाक्यांत 'भाषांतरकारांचे श्रेय' अशा अर्थाचा एक शब्द मिसळलेला असतो, आणि त्याचे 'भाषांतर' म्हणून भाषांतरकाराने स्वतःचे नाव लिहायचे असते. पुढे वापरणाऱ्याने सॉफ्टवेअरची माहिती देणारी चौकट उघडली, तर ते नाव त्याला दिसते. ती चौकट उघडणारे वापरकर्ते किती असतील याचा विचार न केलेला बरा. पण इथे नवा माणूस जुन्याचे नाव पुसत नाही. त्याच्याखाली आपले जोडतो.

मूळ इंग्रजी वाक्य बदलले की त्या फाइलीतील जुने मराठी भाषांतर 'धूसर' अशी खूण लागून बाजूला पडते, आणि पडद्यावर पुन्हा इंग्रजी उमटू लागते. तो स्वयंसेवक निघून गेल्याचे सामान्य वापरकर्त्याला कळते ते बहुधा असे. धूसर वाक्य तपासून ती खूण काढायला प्रोग्रामिंग यावे लागत नाही. इंग्रजी वाक्य वाचता आले आणि मराठी नीट लिहिता आले की पुरते. एवढे ज्यांना येते अशा वाचकांनी आपण वापरतो त्या एखाद्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या माहितीची चौकट एकदा उघडावी, तिथे मराठी भाषांतरकाराचे नाव असल्यास ते वाचावे, आणि त्याची दहा धूसर वाक्ये तपासून द्यावीत. आभाराचा मजकूर सोबत पाठवला नाही तरी चालेल.